ठेका आधी, कॉर्ड नंतर

अरेंजर कीबोर्डच्या खोक्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात: टोन किती आणि स्टाईल्स किती. दुकानात घासाघीस चालते ती याच आकड्यांवर, आणि वाद्य घरी आल्यावर कुरकुर सुरू होते तीही त्यांच्याच नावाने. बोसानोव्हा आहे, पोल्का आहे, कंट्री आहे. पण अभंगाला, लावणीला किंवा साध्या भावगीताला चपखल बसेल अशी एक स्टाईल सापडत नाही. यावर ऑर्केस्ट्रावाल्यांत, बेंजो पार्ट्यांत आणि भजनी मंडळांत तीन उपाय सांगितले जातात. खास भारतासाठी काढलेलं मॉडेल घ्या. किंवा पेनड्राइव्हवर मिळतात त्या स्टाईल्स भरून घ्या. नाहीतर स्टाईलचा नाद सोडा आणि सरळ लूप लावा. तिन्हींत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरे आहेत, कारण तिन्हींनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे: उणीव आहे ती आवाजांची. माझ्या मते अडचण आवाजाची फारशी नाहीच. ती ठेक्याच्या वजनाची आहे, आणि कॉर्ड बदलल्यावर काय हलावं व काय जागेवर राहावं याच्या नियमांची आहे. एवढं मान्य केलं की स्टाईल निवडायची रीत बदलते, आणि ती आपल्या गाण्याजोगी करून घेण्याचं काम भर घालण्यापेक्षा वजाबाकीचं ठरतं.

यंत्राने ठेका धरावा ही कल्पना जुनी. वुर्लिट्झर कंपनीने १९५९ साली 'साइडमन' नावाचं यंत्र काढलं, त्यात फिरत्या चकतीवरून बारा ठेके वाजत. पुढे घरगुती ऑर्गनमध्ये ठेक्याला बास आणि कॉर्डची जोड मिळाली, १९८३ मध्ये मिडी आलं, १९८८ मध्ये रोलंडचा ई-२०, १९९३ मध्ये कॉर्गचा आय३, २००२ मध्ये यामाहाचा टायरोस आणि २०१७ मध्ये जेनॉस. या साऱ्या प्रवासात आवाज ओळखू न येण्याइतके सुधारले. पण स्टाईल वाजते कशी, याचा गाभा फारसा बदलला नाही. स्टाईल म्हणजे वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण नव्हे. यामाहाच्या स्टाईलमध्ये आठ चॅनेल असतात: दोन रिदमचे, एक बासचा, दोन कॉर्डचे, एक पॅडचा आणि दोन फ्रेजचे. कॉर्गमध्येही आठच ट्रॅक, फक्त वाटणी वेगळी. प्रत्येक चॅनेलवर एखाद-दोन बारांचा तुकडा एका ठरावीक कॉर्डमध्ये भरलेला असतो. यामाहाच्या बाबतीत ही मूळ कॉर्ड बहुधा सी मेजर सेव्हन, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एकचे सा, ग, प, नी. वाजवणाऱ्याने डाव्या हाताने दुसरी कॉर्ड धरली की वाद्य त्या तुकड्यातले सूर नियमांनुसार सरकवतं. काही चॅनेल मुळासकट वर-खाली जातात, काही शक्य तितके जागेवर राहून जवळचा सूर शोधतात, काही अजिबात हलत नाहीत. २००८ च्या टायरोस-३ पासून यामाहाने गिटारच्या हातासाठी वेगळा नियम आणला, तो याच मालिकेतला. म्हणजे कंपनी आपल्याला पाच-दहा सेकंदांचा मजकूर आणि त्याचं रूपांतर करायची नियमावली विकते. यातला मजकूर आपण दुकानात ऐकतो. नियमावली मात्र घरी आल्यावर, चुकीच्या जागी चुकीचा सूर लागला की जाणवते.

आधी वजनाचं पाहू, कारण निवडीतली पहिली चूक इथेच होते. बहुतेकजण मात्रा मोजून स्टाईल शोधतात. सहा मात्रा आहेत ना, मग ३/४ चा वॉल्ट्झ लावा. आठ आहेत, मग कुठलीही ४/४ चालेल. सात आहेत, मग बाल्कन किंवा ग्रीक गटातली ७/८ पाहा. शेवटचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. ग्रीसचा कलामातियानोस किंवा मॅसेडोनियाचं लेस्नोतो हे नाच ७/८ मापाचे असतात आणि त्यांची वाटणी ३+२+२ अशी असते. आपल्या रूपकाची वाटणीही तंतोतंत तीच. कागदावर दोन्ही जुळे. पण त्या नाचात पहिल्या लांब ठोक्यावर पाय पडतो, सारा भार तिथे. आणि रूपकाची तर समच खालीवर आहे, तिथे डग्गा गप्प असतो आणि भार पुढे चौथ्या नि सहाव्या मात्रेवर येतो. गायिका समेवर हलकेच येते आणि त्याच क्षणी खालून बासड्रमचा दणका बसतो. मात्रा एकही चुकलेली नाही, तरी गाणं परकं झालं. दादऱ्याचंही तेच: वॉल्ट्झमध्ये दर तीन मात्रांनी सारखंच वजन पडतं, दादऱ्यात पहिले तीन भरीव आणि पुढचे तीन मोकळे. केरव्याला पॉपची स्टाईल लावली की दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरचा स्नेअर गाण्याची पाचवी मात्रा, म्हणजे जिथे श्वास घ्यायचा ती जागा, दोन्ही बाजूंनी दाबून टाकतो. उलट गोव्याकडे पाहा. ६/८ मधला दुलपोद तयार युरोपीय स्टाईलवर बराच सहज बसतो, कारण त्या गाण्याची घडणच गिटार आणि कॉर्ड धरून झालेली आहे. तिथे कमी पडतो तो घुमटाचा आवाज, आणि आवाज मिळवणं सोपं असतं. तेव्हा निवडताना स्टाईलचं नाव, गट, मात्रा हे सारं बाजूला ठेवून एकच परीक्षा करावी: बास आणि सगळे कॉर्ड चॅनेल बंद करून फक्त रिदम लावायचा आणि त्यावर धृपद गुणगुणायचं. सम आणि खाली आपोआप जागेवर पडत असतील तर ती स्टाईल कामाची, मग तिचं नाव 'कंट्री बॅलड' का असेना.

वजनाइतकाच त्रास देणारा, आणि ज्याची चर्चा क्वचित होते असा भाग म्हणजे आवर्तनाची लांबी आणि फिल. यामाहाच्या वाद्यांत मेनचा, म्हणजे सतत फिरत राहणारा, तुकडा अनेक बारांचा असू शकतो, पण मधे भर म्हणून वाजणारं फिल-इन एकाच बाराचं असतं. मधेच बटण दाबलं तर उरलेल्या बारापुरतं फिल वाजतं आणि पुढच्या बाराला मेन पहिल्यापासून सुरू होतो. आता भजनी ठेका घ्या. मात्रा आठ. एक मात्रा म्हणजे एक ठोका असं धरून तो भरला तर आवर्तन ४/४ च्या दोन बारांत पसरतं. पहिल्या बारात फिल दाबलं की मेन पुन्हा आरंभाला जातो आणि गायक आवर्तनाच्या मध्यावर असताना वाद्य समेवर येतं. 'मशीन गंडलं' असं मंचावर म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं. मशीन नेमून दिल्याप्रमाणेच वागलेलं असतं. उपाय साधा आहे. ठेका अर्ध्या ठोक्याच्या मात्रांनी भरायचा आणि टेम्पोचा आकडा निम्मा ठेवायचा, म्हणजे १२० च्या जागी ६०. आवर्तन एका बारात मावतं, फिल केव्हाही दाबलं तरी समेलाच संपतं, आणि वाजवणाऱ्याचं लक्ष बटणावरून गाण्याकडे वळतं. दीपचंदीच्या चौदा मात्रा मात्र एका बारात कोंबता येत नाहीत. ७/८ चे दोन बार लागतात. तिथे फिल आणि मेनची अदलाबदल फक्त दुसऱ्या बारात करायची, हे हाताला वळण लावूनच जमतं. तयार स्टाईल कितीही महाग असली तरी ही गाठ सुटत नाही, कारण ती सुटते ठेका भरतानाच.

आता कॉर्ड. महाराष्ट्रात कीबोर्डकडे वळणारे कितीतरीजण पेटीवरून येतात, आणि पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. त्या हाताला अचानक कॉर्ड धरायला सांगितल्या की तो एका बोटाची सोय शोधतो, आणि वाद्य त्या एका बोटावर पूर्ण मेजर कॉर्डचा डोलारा उभा करतं. वरचं गाणं भैरवीत असेल तर काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. समजा सा वर मायनर कॉर्ड अचूक धरली. नियमाप्रमाणे गंधार कोमल होतो, इथवर ठीक. पण फ्रेज आणि बासच्या चॅनेलवर मूळ तुकडा भरताना सूर वापरण्याची जी शिफारस यामाहाची पुस्तिका करते, तिच्यात कॉर्डच्या चार सुरांखेरीज शुद्ध रिषभ आणि शुद्ध धैवतही असतात. मायनर कॉर्ड धरल्यावर गंधार खाली सरकतो, रिषभ शुद्धच राहतो. गायकाचा कोमल रिषभ आणि व्हायोलिनच्या फ्रेजमधला शुद्ध रिषभ एकाच वेळी वाजतात. ऐकणाऱ्याला वाटतं गायक बेसूर झाला. वाद्याला बिचाऱ्याला भैरवी ठाऊक असण्याचं कारणच नाही. त्याला कॉर्डचं नाव कळतं, रागाचं नाही.

यावर शास्त्रीय वळणाच्या मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: रागावर बेतलेल्या गाण्याला मुळात कॉर्ड लावूच नयेत. आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास त्याच्या पूर्ण बाजूने नाही. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या अरेंजरनी हिंदी चित्रपटात, आणि अनिल मोहिले यांनी मराठी-हिंदी दोन्हीकडे, रागदारी चालींनासुद्धा व्हायोलिनांचे ताफे आणि कॉर्ड दिल्या. त्या कानाला खुपत नाहीत. फरक इतकाच की त्यांनी प्रत्येक गाण्यासाठी प्रत्येक सूर कागदावर लिहिला, आणि जिथे कॉर्ड नको तिथे वादकांना गप्प बसवलं. तो गप्प बसवण्याचा अधिकार कीबोर्डवाल्याकडेही आहे, तो वापरत नाही इतकंच. दुसरा, जरा चलाख आक्षेप असा की कीबोर्ड मुळातच समान अंतरांच्या सुरांत बांधलेला आहे, पेटीही तशीच; आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि शेवटी ती सैल करावी लागली; मग आता एका रिषभाचं एवढं काय घेऊन बसायचं? पण पेटी आणि स्टाईल यांत एक मोठा भेद आहे. पेटी तुम्ही दाबलेलाच सूर देते, थोडा उणाअधिक असेल. स्टाईल तुम्ही न दाबलेले सूर वाजवते. पहिलं खटकलं तर कान जुळवून घेतो, दुसऱ्याला वाजवणाऱ्यानेच आवर घालावा लागतो. यासाठी सोयी वाद्यातच असतात आणि पुस्तिकेच्या मागच्या पानांत पडून राहतात. डाव्या हाताने फक्त सा आणि प धरले तर यामाहाचं वाद्य त्याला गंधार नसलेली कॉर्ड समजतं आणि बास-पॅड तेवढ्याच दोन सुरांत फिरतात. भैरवी काय, तोडी काय, कुणाचंच बिघडत नाही. लगतच्या तीन पट्ट्या, म्हणजे सी, सी शार्प आणि डी, एकत्र दाबल्या की कॉर्ड रद्द होते आणि फक्त ठेका चालू राहतो. आलापी किंवा मुक्त वळणाच्या ओळीसाठी याहून सोपं काही नाही. तानपुऱ्यासारखा सूर हवा असेल तर त्या चॅनेलचा नियमच 'हलू नको' असा लावायचा, षड्ज-पंचम पांढरी एकमध्ये भरायचे आणि गायकाच्या पट्टीसाठी ट्रान्स्पोजचं बटण वापरायचं.

बाजारातल्या तीन उपायांचा हिशेब आता मांडता येतो. भारतासाठी काढलेली मॉडेल्स, म्हणजे यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॅसिओच्या सीटी-एक्सपैकी नावाअखेरीस 'आयएन' असलेली, उगाच नाहीत. आय-५०० वर तबला-तानपुऱ्याची रियाजाची सोय आहे आणि शिकणाऱ्याला ती खरोखर उपयोगी पडते. पण या वाद्यांतल्या 'भारतीय' स्टाईल्सचा कल हिंदी चित्रपट, भांगडा आणि गरब्याकडे. मराठी ठेके हाती लागले तरी अशा स्टाईल्समध्ये कॉर्ड आणि फ्रेजचे चॅनेल गच्च भरलेले असतात. शिवाय यामाहाच्या या पातळीच्या वाद्यांत बाहेरून स्टाईल भरता येते, वाद्यावरच नवी घडवता येत नाही. कॅसिओच्या सीटी-एक्समधल्या वरच्या मॉडेलांना रिदम एडिटर आहे आणि किमतीच्या मानाने ती मोठी गोष्ट आहे. खोक्यावरचे आकडे मोजण्याऐवजी गिऱ्हाइकाने हा एक शब्द शोधावा. पेनड्राइव्हवरच्या हजारो स्टाईल्सबद्दल कमी लिहिलेलं बरं. त्यांतल्या कितीतरी कुणाच्या तरी मेहनतीच्या चोरून केलेल्या प्रती असतात, हे एक. दुसरं तांत्रिक: साध्या स्टाईलच्या फाइलमध्ये आवाज नसतो, आवाजाचा क्रमांक असतो. तुमच्या वाद्यात तो तबल्याचा किट नसेल तर तेच क्रमांक साध्या ड्रमकिटवर जातात आणि चाटीच्या जागी काऊबेल वाजते. मूळ मॉडेल आणि आपलं मॉडेल एकाच कुळातलं आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लूपची बाजू मात्र भक्कम आहे आणि ती मान्य करायलाच हवी. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा किंवा ढोलकीच्या धुमाचं गोलाईदार वजन हे सुटे-सुटे नमुने जोडून कधीच पुरतं येत नाही. खऱ्या वादकाकडून वाजवून घेतलेल्या लुपात ते जसंच्या तसं असतं. म्हणूनच ऑर्केस्ट्रात एसपीडी-एसएक्ससारख्या पॅडवर लूप भरून ठेवतात. पण लूप ज्या लयीत वाजवला त्या लयीजवळच शोभतो. लावणी उठत उठत दुगणीत जाते तेव्हा तो ताणावा किंवा आवळावा लागतो, आणि नेमका तो घुमाराच आधी फाटतो. अभंगात गायक एक चरण किती वेळा घोळवील हे आधी सांगता येत नाही. तिथे मागचा ठेका कमी-जास्त भरीव करण्याची मुभा हवी, ती स्टाईलच्या मेन ए, बी, सी, डी या तुकड्यांत आहे. म्हणून दोन्ही विरोधी धरण्यात अर्थ नाही. ठरावीक लयीच्या गाण्याला लूप आणि वाढत्या लयीला स्टाईल, ही वाटणी माझ्या दृष्टीने सर्वांत व्यवहारी.

प्रत्यक्ष घडवणीचा एक नमुना जवळून पाहू: अभंगासाठी भजनी ठेक्याची स्टाईल. यामाहाच्या पीएसआर-एसएक्स किंवा जेनॉस जातीच्या वाद्यावर स्टाईल क्रिएटर उघडून कुठलीही साधी, कमी वाद्यांची ४/४ स्टाईल घ्यायची आणि आधी खोडायला लागायचं. कॉर्ड दोन, फ्रेज एक, फ्रेज दोन, तिन्ही पुसून टाकायचे. मग दोन्ही रिदम चॅनेल रिकामे करायचे. पहिल्यावर पखवाजाचा किंवा तो नसेल तर तबल्याचा किट घेऊन ठेका अर्ध्या ठोक्याच्या मात्रांनी एका बारात भरायचा. दुसऱ्यावर फक्त टाळ. टाळ वेगळ्या चॅनेलवर ठेवण्याचं कारण असं की मंडपातल्या कर्ण्यांतून सर्वांत पुढे येतो तो टाळच, आणि त्याचा आवाज एकट्याचा कमी करता आला पाहिजे. भरून झालं की सूर-ठोके काटेकोर रांगेत बसवण्याची सोय वाद्य देतं; टाळ बसवावेत, पखवाज बसवू नये. हाताची ती किंचितशी मागे-पुढे सरकच ठेक्याला चाल देते. बासला दोनच सूर, षड्ज आणि पंचम, आणि खालीच्या मात्रेवर पूर्ण विश्रांती. मेन बी मध्ये ठेका तोच, उत्तरार्धात थोडी लग्गी. सी मध्ये लग्गी पूर्ण आवर्तनभर. डी रिकामा सोडला तरी चालतो. असेंब्लीच्या पानावरून दुसऱ्या एखाद्या स्टाईलचा पॅड उसना आणता येतो, तो अगदी मंद.

एवढ्याने बहुतेक काम होतं. एक गोष्ट राहते आणि ती फार थोडे करतात: तबला लावणं. ट्रान्स्पोज केल्यावर बास, पॅड सगळे गायकाच्या पट्टीत जातात, पण ड्रमकिट जागचा हलत नाही. गायक काळी चारमध्ये आणि चाटीचा सूर पांढरी एकचा, असं सर्रास ऐकू येतं. कार्यक्रमात खरा तबलजी हातोडी घेऊन ज्यासाठी पाच मिनिटं घालवतो, तेच काम वरच्या मॉडेलांत किटमधल्या एकेका आवाजाचा स्वर वर-खाली करून होतं. नेहमीच्या तीन-चार पट्ट्यांसाठी तीन-चार प्रती करून रजिस्ट्रेशनमध्ये ठेवल्या की मंचावर धावपळ होत नाही.

राहता राहिला सर्वांत जुना आक्षेप: हे सारं ढोलकीवाल्याच्या, तबलजीच्या पोटावर पाय आणणारं आहे. आणतं, यात शंका नाही. लहान कार्यक्रमाचं बजेट जिथे दोन माणसांचं असतं तिथे तिसरा माणूस कीबोर्डने केव्हाच काढून टाकला आहे. पण चांगली घडवलेली स्टाईल हे नुकसान वाढवते असं म्हणणं मला पटत नाही. वाईट स्टाईलवरही तोच कार्यक्रम झाला असता, फक्त वाईट झाला असता. आणि ढोलकीवाला सोबत असेल तेव्हा वजाबाकीची हीच रीत शेवटपर्यंत न्यावी. दोन्ही रिदम चॅनेल बंद, टाळसुद्धा. पॅड आणि दोन सुरांचा बास तेवढा चालू. मात्र यंत्र माणसाची लय ऐकत नाही, ढोलकी चढली की बास मागे राहतो. त्यासाठी सिंक स्टॉप लावून ठेवावा: डावा हात पट्ट्यांवर असेपर्यंतच साथ वाजते, उचलला की थांबते, आणि ढोलकीवाल्याने सम दिली की त्याच समेवर हात पुन्हा खाली ठेवता येतो.